आयुक्तसाहेब, आपल्या लीगमध्ये गैरहजर कोण आहे?

प्रति,
माननीय आयुक्त आणि इतर सात संघमालक,
आपली कागदावरची दक्षिण अमेरिकी बेसबॉल लीग

सप्रेम नमस्कार,

आपण आठजणांनी हौसेनं कल्पनेत रचलेली, आयुक्तांच्या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये खेळली जाणारी ही लीग. गेल्या रविवारी रात्री आयुक्तांनी तिच्या पहिल्या हंगामाचा अंतिम तक्ता पाठवला. हिरव्या-पिवळ्या पट्ट्या, दशांश चिन्हापुढे तीन-तीन आकडे, आणि तळाशी विजेत्या ला पाझसाठी करंडकाचं चित्र. मी तो दोनदा वाचला आणि मग बराच वेळ झोप लागली नाही. माझा संघ माराकाइबो आठांत सातवा आला म्हणून याची झोप उडाली, असं ब्वेनोस आयरेसचे मालक म्हणतील. थोडंफार तेही आहे. पण मला खुपलं ते दुसरंच.

आठ संघ, प्रत्येकाचे ५६ सामने, म्हणजे एकूण २२४. आणि २२४ पैकी २२४ झाले. एकही पावसात वाहून गेला नाही. एकही बस बंद पडली नाही. ऑक्टोबरमध्ये ज्या नावांनी याद्या सुरू झाल्या, त्याच नावांनी जानेवारीत संपल्या. अहो, आपल्याकडे तालुक्याच्या टेनिस बॉल स्पर्धेतसुद्धा असं होत नाही. तिथेही उपांत्य फेरीच्या दिवशी कुणाच्या तरी मामेबहिणीची हळद निघते आणि सलामीचा फलंदाज जातो. आपल्या लीगमध्ये आख्ख्या चार महिन्यांत एक माणूस गैरहजर नव्हता. ज्या खंडावर आपण ही लीग मांडली आहे, तिथला बेसबॉलचा हंगाम जो कोणी ऐकतो, त्याला ठाऊक आहे की तिथे खेळ जितका आलेल्यांचा असतो तितकाच न आलेल्यांचा. दुसऱ्या हंगामाचं वेळापत्रक बनायच्या आत हे बोलून घ्यावं म्हणून हे पत्र. खुलं अशासाठी, की कागदावर लीग रचण्याचा नाद असलेले आपण आठजणच नाही.

माझा त्या मुलखाशी संबंध फक्त कानाचा. जळगावात शाळेत सॉफ्टबॉल खेळलो, त्यामुळे पिचर (चेंडू टाकणारा), शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक), स्ट्राइक हे शब्द तोंडात होतेच. पुढे ठाण्यात नोकरीला लागल्यावर इंटरनेटवर व्हेनेझुएलाचं रेडिओ समालोचन सापडलं आणि पहाटे साडेचारचा गजर सुरू झाला. तेव्हा काराकासमध्ये आदल्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात. मधली काही वर्षं गजर पाचचा होता, कारण डिसेंबर २००७ मध्ये अध्यक्ष चावेझ यांनी देशाचं घड्याळच अर्धा तास मागे नेलं होतं. मे २०१६ मध्ये ते परत पूर्ववत झालं. स्पॅनिश मला ओ की ठो येत नव्हती. नावं कळायची, आकडे कळायचे, आणि समालोचकाचा आवाज चढला की चेंडू लांब गेला एवढं कळायचं. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "कुणाचं भांडण लागलंय रे सकाळी सकाळी?"

हळूहळू शब्द कळू लागले. त्यात एक फार आवडला. आपल्याकडे फलंदाज शून्यावर गेला की भोपळा मिळाला म्हणतात. तिकडे धावफलकावर शून्य लागलं की ती 'अरेपा'. अरेपा म्हणजे मक्याच्या पिठाची जाडसर, तळहाताएवढी गोल भाकरी. एखाद्या पिचरनं नऊच्या नऊ इनिंग समोरच्या संघाला धाव करू दिली नाही, की त्यानं 'नऊ अरेपा' वाढल्या. आयुक्तसाहेब, तुमच्या अहवालात त्या जागी 'शटआउट : ९.०' असं लिहिलेलं असतं. बघा काही करता आलं तर.

आता शहरांकडे येतो. काराकास, माराकाइबो, बारांकिया, बोगोटा, लिमा, ला पाझ, साओ पाउलो, ब्वेनोस आयरेस. नकाशावर पसरलेली आठ ठसठशीत नावं आपण घेतली. पण दक्षिण अमेरिकेत बेसबॉल असा सगळीकडे सारखा नाही. तो वरच्या कडेला, कॅरिबियन समुद्राला लागून आहे. व्हेनेझुएलात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो काराकासच्या चार सुखवस्तू पोरांनी आणला, पुढे माराकाइबोच्या बाजूला तेल निघालं तसा तेल कंपन्यांच्या वसाहतींमधून तिकडे पसरला. पण त्याचं वेड लागलं ते १९४१ मध्ये. हवानातल्या हौशी खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत व्हेनेझुएलानं यजमान क्यूबाला निर्णायक सामन्यात ३-१ असं हरवलं. पिचर होता दानिएल 'चिनो' कानोनिको. आपल्याकडे १९८३ नं जे केलं तेच तिकडे ४१ नं केलं. चार वर्षांनी, डिसेंबर १९४५ मध्ये, व्यावसायिक लीग स्थापन झाली. चारच संघ होते, आणि पहिलं विजेतेपद वार्गास संघाकडे गेलं. आज आठ आहेत.

कोलंबियातही तेच. बारांकिया आणि कार्ताहेना या किनाऱ्यावरच्या शहरांत बेसबॉल रक्तात आहे. १९९७ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मेजर लीगच्या अंतिम फेरीच्या, सातव्या सामन्यात, अकराव्या इनिंगमध्ये फ्लोरिडाला जिंकून देणारा फटका मारणारा एदगार रेंतेरिया बारांकियाचा. २०२२ मध्ये याच शहराच्या काइमानेस संघानं सान्तो दोमिंगोत जाऊन कॅरिबियन सिरीज, म्हणजे त्या भागातल्या देशांच्या विजेत्या संघांची स्पर्धा, जिंकली, कोलंबियाची पहिली. पण डोंगर चढून बोगोटाला जा, तिथे फुटबॉल आणि सायकली. म्हणजे आपल्या लीगमध्ये बोगोटाच्या घरच्या सामन्याला बारांकियाइतकीच गर्दी दाखवली आहे ती केवळ आयुक्तांची माया. साओ पाउलोचं म्हणाल तर तिथे बेसबॉल जपानी वस्तीनं जपला. १९०८ पासून कॉफीच्या मळ्यांवर मजूर म्हणून जी जपानी कुटुंबं गेली त्यांची मुलं-नातवंडं खेळत राहिली; शहराबाहेर इबिउनाला याकुल्ट कंपनीचं प्रशिक्षण केंद्र आहे. तर साओ पाउलोच्या मालकांनी आपल्या पिचरला 'सिल्वा'च्या ऐवजी 'तानाका' नाव दिलं असतं तर मी मान डोलावली असती.

(गयानातलं जॉर्जटाउन का नाही, असं कोणीतरी गटात विचारलं होतं. त्या खंडातलं मराठी माणसाला सर्वांत जवळचं शहर तेच, कबूल. सुनील गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते गयानाच्या रोहन कन्हायवरूनच. पण तिथे क्रिकेट आहे हो. त्यांना सुखानं खेळू द्या.)

लिमाच्या मालकांशी मात्र मला जरा सविस्तर बोलायचं आहे. त्यांनी संघात सगळेच्या सगळे खेळाडू पेरूचे घेतले. नावं सुरेख आहेत, मेहनत दिसते. पण आज लिमात रविवारी सकाळी बेसबॉलचं मैदान भरतं ते बऱ्याच अंशी व्हेनेझुएलाच्या माणसांनी. गेल्या दशकात सत्तर लाखांहून जास्त लोक तो देश सोडून गेले. सर्वांत जास्त शेजारच्या कोलंबियात, त्याखालोखाल पेरूत. कुणी बसनं गेलं, कुणी चक्क पायी. जाताना जे सामान उचललं त्यात एखादा ग्लव्ह होताच. ज्या गावांत कधी कुणी बॅट पाहिली नव्हती तिथे आता 'काइमानेरा' रंगतात. काइमानेरा म्हणजे गल्लीतला सामना : जेवढी पोरं जमली तेवढी, बेसच्या जागी चप्पल किंवा पुठ्ठा. आणि तेवढंही जमलं नाही तर 'चापिता'. त्यात चेंडू म्हणजे बाटलीचं पत्र्याचं झाकण आणि बॅट म्हणजे झाडूचा दांडा. ते झाकण हवेत कुठे वळेल ते टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्यावर ज्याचा डोळा बसला त्याला हवेत वळणाऱ्या कर्व्ह बॉलचं काय भय?

तर माझी लिमाला विनंती अशी : तिसऱ्या बेसवरचा तुमचा माणूस माराकाइबोचा करा. आठवडाभर मोटरसायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवणारा, शनिवारी रात्री उशिरा सुटणारा, रविवारच्या पहिल्या इनिंगला थोडा झोपेत असणारा. आणि माझ्या संघातून तो काढून घ्या. मोबदल्यात मला काही नको. माझ्या तिसऱ्या बेसवर एक सतरा वर्षांचा पोरगा उभा राहील आणि चुका करील. मी सातव्याचा आठवा होईन, पण त्याला काहीतरी अर्थ असेल.

पावसाचं आणि ऋतूंचं थोडक्यात सांगतो, कारण यात वाद घालण्यासारखं काही नाही. व्हेनेझुएलाच्या लीगला हिवाळी लीग म्हणतात खरं, पण काराकास साडेदहा उत्तर अक्षांशावर, म्हणजे आपल्या कोचीच्या आसपास. तिथे कसला हिवाळा? ऑक्टोबर ते जानेवारी हे दिवस निवडले गेले ते अमेरिकेतली मेजर लीग तेव्हा बंद असते म्हणून, आणि नोव्हेंबरपासून पाऊस ओसरतो म्हणून. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोगोटात धो धो चालू असतो. साओ पाउलोत डिसेंबर-जानेवारीच्या दुपारी आभाळ फाटतं. ब्वेनोस आयरेसला उन्हाळा, लिमात पाऊस जवळजवळ पडतच नाही, आणि बारांकियाला डिसेंबरपासून समुद्रावरून असा वारा सुटतो की टोप्या उडतात. एकाच वेळापत्रकात ही पाच हवामानं बसवायची आहेत. आयुक्तांनी सगळीकडे '२४ अंश, निरभ्र' लिहून ठेवलंय.

आणि ला पाझ! विजेत्यांचं मनापासून अभिनंदन, पण महाराज, तुमचं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटरवर आहे. अमेरिकेतलं डेन्व्हर १,६०० मीटरवर आहे तर तिथल्या विरळ हवेत चेंडू इतका लांब जायचा की २००२ पासून ते लोक चेंडू दमट हवेच्या खोलीत ठेवू लागले. एप्रिल २०२३ मध्ये मेक्सिको सिटीत, सुमारे २,२०० मीटरवर, मेजर लीगचा सामना झाला. सान दिएगोनं सान फ्रान्सिस्कोला १६-११ हरवलं आणि दोघांनी मिळून ११ होमरन (आपल्या षटकारासारखे) ठोकले. ला पाझला याच्याही वर सुमारे चौदाशे मीटर चढायचं आहे. तिथे कर्व्ह बॉल वळणार नाही, उंच उडालेला झेल कुंपणापलीकडे जाईल, आणि माराकाइबोहून आलेला माझा पिचर तिसऱ्या इनिंगला गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत असेल. तुमचे घरचे सामने २१-१७ असे सुटायला हवेत. तुम्ही २-१ नं जिंकत गेलात. फाईल उघडून पाहिली, ला पाझसमोर उंचीच्या रकान्यात शून्य आहे. मी आरोप करत नाही, नजरचूक असेल.

आता मूळ मुद्द्यावर.

खऱ्या हंगामात ऑक्टोबरमध्ये यादी निघते आणि ती वाचताना चाहते प्रत्येक नावापुढे मनातल्या मनात प्रश्नचिन्ह लावतात. नावाजलेला खेळाडू अमेरिकेतल्या क्लबाशी करारबद्ध असतो. तो क्लब सांगणार, पोराचा हात उन्हाळाभर दमलाय, त्याला खेळू देऊ नका. किंवा खेळवा, पण इतक्याच इनिंग. कुणी नोव्हेंबरच्या शेवटी येतो, कुणी नाताळला घरी जातो तो परतत नाही. परदेशी खेळाडूंचंही तसंच. १९६४-६५ च्या हंगामात तरुण पीट रोझ काराकासकडून खेळून गेला, पण असे पाहुणे येतात तसे उठूनही जातात. आपण आपल्या खेळाडूंना 'फिटनेस' दिला, 'निष्ठा' दिली. जाण्याची सोय मात्र कुणालाच ठेवली नाही.

आणि कधीकधी सगळेच जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे मेजर लीगनं आपल्या करारातल्या खेळाडूंना व्हेनेझुएलात खेळायला मनाई केली. म्हणजे हंगाम दोन महिन्यांवर आलेला आणि प्रत्येक संघाच्या अर्ध्या यादीवर काट. पुढे बहुतेक संघांना सूट मिळाली, पण मागायानेस आणि आराग्वा या दोघांना नाही, कारण त्यांचा सरकारशी संबंध. मागायानेस म्हणजे १९१७ चा क्लब, अर्धा देश त्यांचा आणि उरलेला अर्धा काराकासचा. त्यांचा सामना म्हणजे काय ते मी तुम्हाला समजावत नाही, पु. ल. देशपांड्यांच्या देशात राहणाऱ्यांना मुंबईकर-पुणेकर ठाऊक आहेत. असा संघ तेव्हा निम्मी माणसं नसताना मैदानात उतरला, तरी लोक तिकीट काढून आले आणि त्यांनी नव्या पोरांची नावं पाठ केली.

काही जण कायमचे जातात. हे लिहायचं की नाही असा विचार केला. नोव्हेंबर २०११ मध्ये विल्सन रामोस हा कॅचर हिवाळी हंगामासाठी घरी आला होता, त्याला वालेन्सियात आईच्या दारातून पळवून नेलं. दोन दिवसांनी डोंगरातून त्याची सुटका झाली, आणि तो त्याच हंगामात परत खेळायला उतरला. ६ डिसेंबर २०१८ ला नशीब तसं नव्हतं. लारा संघ काराकासमधला सामना आटोपून रात्रीच बार्किसिमेतोला परत निघाला होता. बाकीचे बसमध्ये, आणि लुइस वाल्बुएना, होसे कास्तियो वेगळ्या गाडीत. लुटारूंनी रस्त्यात अडथळा टाकला होता, तो चुकवताना गाडी उलटली. दोघेही गेले. दोघेही मेजर लीगमध्ये अनेक वर्षं खेळलेले. मला आठवतं, त्या पहाटे मी नेहमीसारखा रेडिओ लावला आणि समालोचक खेळाबद्दल बोलतच नव्हता. आवाज इतका खाली, की मला आधी वाटलं नेटवर्क गेलं. लारानं उरलेला हंगाम खेळला, आणि विजेतेपद मिळवलं. त्या वर्षीची कॅरिबियन सिरीज त्यांच्याच गावी, बार्किसिमेतोला व्हायची होती. देशातला गोंधळ पाहून ती ऐन वेळी पनामाला हलवली. ज्यांनी घरच्या मैदानासाठी सगळं सोसलं त्यांनी बॅगा भरल्या आणि दुसऱ्याच्या गावी जाऊन खेळले.

आपल्या प्रोग्रॅममध्ये मृत्यू घाला असं मी म्हणत नाही. नकोच. पण निदान रात्रीचा प्रवास असू द्या. काराकास ते माराकाइबो रस्त्यानं सातशे किलोमीटर होतात, आणि काराकास ते ब्वेनोस आयरेस विमानानंसुद्धा पाच हजार. आपले खेळाडू एका दिवशी इथे आणि दुसऱ्या दिवशी तिथे, इस्त्रीचे कपडे घालून उभे.

हंगामच गैरहजर राहतो, असंही झालंय. डिसेंबर २००२ मध्ये व्हेनेझुएलात सार्वत्रिक संप सुरू झाला, तेलसुद्धा थांबलं, आणि लीग मध्येच बंद पडली. विजेता कोणी नाही. पुढच्या फेब्रुवारीत कॅरिबियन सिरीजला व्हेनेझुएलाची जागा रिकामी होती. ती भरायला डोमिनिकन रिपब्लिकनं दोन संघ पाठवले. विजेत्यांच्या यादीत २००२-०३ समोर आजही काही नाही. माझी सूचना आहे की आपल्या लीगचा जो इतिहास आयुक्त लिहिणार आहेत त्यात असं एक कोरं वर्ष ठेवावं. कारण लिहू नये. वाचणाऱ्याला कळतं.

पैशाबद्दल एकच वाक्य. त्या देशानं २००८ मध्ये चलनातली तीन शून्यं काढली, २०१८ मध्ये पाच, २०२१ मध्ये सहा. आपली पगाराची मर्यादा डॉलरऐवजी बोलिव्हारमध्ये मांडली असती तर आयुक्तांची फाईल उघडलीच नसती.

एक नियम मात्र जसाच्या तसा उचलण्यासारखा आहे, आणि आश्चर्य म्हणजे कुणालाच सुचला नाही. साखळी संपून बाद झालेले संघ घरी जातात. त्यांचे खेळाडू जातातच असं नाही. उरलेल्या संघांना त्यांच्यातून निवड करता येते. ज्यांचे खेळाडू दुखावले किंवा अमेरिकेला परतले त्यांनी बदली घ्यायचे, शिवाय वाढीव घ्यायचे. म्हणजे डिसेंबरभर ज्याला तुम्ही शिव्या घातल्या तो जानेवारीत तुमच्या जर्सीत तुमच्यासाठी झेल पकडतो. आणि ज्याचा लाडका पिचर गेला तो चाहता काय करतो? रेडिओ लावतो. संघ नसला तरी आपला माणूस ऐकायला. आपल्या लीगमध्ये हे असतं तर माझ्या सातव्या क्रमांकाच्या संघाचा शॉर्टस्टॉप साओ पाउलोकडून अंतिम फेरी खेळला असता आणि मी ती बघितली असती. खरं सांगतो, मी बघितली नाही.

आणि वाट पाहणं. पहिल्याच हंगामाची लीग म्हणून आपल्याकडे कुणी कशाची वाट पाहिलेली नाही. ला ग्वाइराचे तिबुरोनेस, म्हणजे शार्क, १९८५-८६ मध्ये जिंकले. ऐंशीच्या दशकात त्यांचा संघ असा होता की त्याला 'गेरिया' म्हणायचे, गनिमांची टोळी. नंतर काहीच नाही. त्यांच्या बाजूला प्रेक्षकांत सांबाचे ढोल असतात. संघ आठ धावांनी मागे असला तरी ते वाजत राहतात. पहाटेच्या रेडिओवर समालोचकाच्या मागून मला ते वर्षानुवर्षं ऐकू आलेत, आणि हरणाऱ्या संघाचे ढोल इतके उत्साहात कसे, हे कोडं मला कधी सुटलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी लाराला हरवून अडतीस वर्षांनी लीग जिंकली. व्यवस्थापक होते ओझी गियेन, त्याच ऐंशीच्या दशकातल्या टोळीतले शॉर्टस्टॉप. फेब्रुवारीत मायामीला जाऊन त्यांनी अंतिम सामन्यात डोमिनिकन रिपब्लिकच्या लिसे संघाला ३-० हरवलं आणि कॅरिबियन सिरीजही आणली. व्हेनेझुएलाला ती २००९ नंतर मिळाली नव्हती. त्या दिवशी ऑफिसला मी पोचलो ते अकराला. साहेबांना कारण सांगायचा प्रयत्न केला नाही.

तेव्हा आयुक्तांनी आठांपैकी एका संघाला जुना, न जिंकलेला भूतकाळ बहाल करावा. कोण घेतंय ते बघू. माझ्या अंदाजानं सगळे नको म्हणतील आणि तो माझ्याच गळ्यात येईल.

चालेल. पण त्या बदल्यात मला एक तारीख हवी आहे. १८ नोव्हेंबर. त्या दिवशी माराकाइबोत चिकिनकिराच्या माउलीचा, 'ला चिनिता'चा उत्सव असतो. गावात गैता नावाची गाणी, ढोल, रस्ते भरलेले. १९५३ च्या १८ नोव्हेंबरला तिथे एक सामना झाला. गाविलानेस संघाचा शॉर्टस्टॉप लुइस आपारिसिओ, ज्याला 'एल ग्रांदे' म्हणजे थोरला म्हणायचे, बॅट घेऊन उभा राहिला. पहिला चेंडू त्यानं नुसता जाऊ दिला. मग वळून आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला बोलावलं, हातातली बॅट त्याच्या हातात दिली आणि बाहेर गेला. मुलाचंही नाव लुइस आपारिसिओच. तो पुढे शिकागोला गेला, १९५६ पासून सलग नऊ हंगाम अमेरिकन लीगमध्ये सर्वांत जास्त बेस चोरले, आणि १९८४ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला व्हेनेझुएलन ठरला. पण माराकाइबोच्या स्टेडियमला नाव आहे ते बापाचं. लुइस आपारिसिओ एल ग्रांदे.

तर दुसऱ्या हंगामात १८ नोव्हेंबरचा सामना माराकाइबोला, माझ्या घरच्या मैदानावर ठेवावा. समोर कोणीही चालेल, ला पाझ असेल तर उत्तम. खाली उतरून समुद्रसपाटीची हवा त्यांनाही कळू दे. माझ्या फलंदाजीच्या क्रमात पहिलं नाव एका वयस्कर माणसाचं असेल. तो एकच चेंडू बघेल. प्रोग्रॅममध्ये एक चेंडू पडल्यावर बॅटर बदलायची सोय आहे का, तेवढं आयुक्तांनी यादी बंद होण्याआधी कळवावं.

आपला,
माराकाइबोचा मालक
(सध्या क्रमांक सात)
ठाणे